पॉपसॉकेट काढताना

फोनच्या पाठीवरची ही गोल पकड जन्मली ती गुंत्यातून. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेव्हिड बार्नेट यांनी इअरफोनची वायर गुंडाळायला फोनमागे चक्क कपड्यांची दोन मोठी बटणं चिकटवली. पॉपसॉकेट ही त्याच जुगाडाची पुढची आवृत्ती.

चिकटवायला क्षण पुरतो, काढायला धीर लागतो. आधी पकड दाबून पूर्ण सपाट करायची. ती बाहेर ओढलेली असताना हिसका दिला, तर मधला घडीचा भाग फाटून तळ जागेवरच राहू शकतो. मग तळाच्या कडेखाली नखं सरकवून एका बाजूने सावकाश उचलायचं. नखं शिरत नसतील तर दातांसाठीचा फ्लॉस तळाखालून करवतीसारखा मागेपुढे ओढायचा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर नकोच. फोनची मागची काच आधीच तडकलेली असेल, तर हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

हेअर ड्रायरच्या मंद उबेने गोंद सैल होतो, पण हा प्रयोग फोनवरून उतरवलेल्या कव्हरवरच करावा. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही.

उरलेला चिकटा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसता येतो. अॅसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर मात्र प्लॅस्टिकचं कव्हर खराब करू शकतं.

आणि काढलेली पकड लगेच फेकू नये. पॉपसॉकेटचा गोंद गार पाण्याने धुऊन, दहाएक मिनिटं हवेवर सुकवला की पुन्हा चिकटतो. सिलिकॉनच्या कव्हरवर मात्र तो मुळातच धड बसत नाही.