शनिवारचा घाणा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पिठोरी अमावास्येला पोळा होतो. आदल्या दिवशीं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळावयाची आणि सणाच्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं, हा नियम गरिबांतला गरीब कुणबीही पाळतो. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत एक समाज असा होऊन गेला कीं, त्याच्या दारचा बैल दर आठवड्याला पोळा अनुभवीत असे.

हा समाज म्हणजे कोंकणांतील बेने-इस्राएल, म्हणजेच मराठी बोलणारे यहुदी. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. धर्मग्रंथ समुद्रांत गेले, भाषाही विसरली. शनिवार मात्र विसरला नाहीं. तेल गाळणें हा त्यांचा धंदा. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं घाणा थांबे, तो शनिवारीं सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. त्यामुळें गांवकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणूं लागले. मुंबईस त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर झालें तें १७९६ सालीं. म्हणजे मंदिर नव्हतें तेव्हांही वार होताच. त्यांच्या सणांचीं नांवें तर आपल्याच माजघरांतलीं वाटतात : नव्याचा सण, खिरीचा सण, दारें लावून उपवास करावयाची दारफाळणी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशींचा शिळा सण.

शनिवारच्या विसाव्याची मूळ आज्ञा वाचण्यासारखी आहे. विसावा केवळ घरधन्याला सांगितलेला नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशीं राहिलेला परका, सर्वांना तो दिलाच पाहिजे; कारण तूंही एके काळीं मिसर देशांत दासच होतास, असें बजावलें आहे. बायकोचें नांव मात्र त्या यादींत नाहीं! ती 'तूं' या शब्दांतच आली, असें पुष्कळ भाष्यकार सांगतात. चूल पेटवावयाची नसल्यानें स्वैंपाक शुक्रवारींच उरकलेला असे, एवढें खरें.

आतां आपला पोळा पाहूं. बैलाला पुरणपोळी मिळते. परंतु पहांटेपासून पुरण वाटून पोळ्या लाटणारीच्या मानेवरचें जूं त्या दिवशीं अधिकच जड होतें. सण म्हटला कीं मोलकरणीला भांडीं दुप्पट! एकत्र कुटुंबांत सुनांनीं आळीपाळीनें विसावा घ्यावा असें म्हणतात, पण पाळी येते तेव्हां नेमके पाहुणे येतात.

शिळें अन्न नैवेद्याला कसें चालेल, असें वडील मंडळी विचारतील. श्रावणांतल्या शिळासप्तमीला चूल थंड ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे. देवाला दूध-साखर चालते. आणि सोंवळ्यांत पुरुषांनीं रांधणें आपल्याकडे नवें का आहे?

१९४८ नंतर बेने-इस्राएलांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. त्यांचाच वार आम्हीं घ्यावा असें नाहीं. गांवच्या बाजाराचा दिवस सोडून कोणताही चालेल. त्या दिवशीं मोलकरणीलाही येऊं नको म्हणावें लागेल, आणि पगार मात्र कापतां येणार नाहीं.