अग्निसंस्कार आणि भूमिसंस्कार

भारतीय परंपरेत मृतदेहाचे दहन हाच मूळचा व एकमेव संस्कार होता, अशी समजूत सर्वत्र आढळते. उपलब्ध पुरावा तिला दुजोरा देत नाही. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातील १६ वे सूक्त दहनप्रसंगीचे आहे. परंतु त्याच मंडलातील १८ व्या सूक्तात मृताला आश्रय देण्याविषयी भूमीची प्रार्थना केलेली आहे. १५ व्या सूक्तात तर अग्निदग्ध व अनग्निदग्ध अशा दोन्ही प्रकारच्या पितरांचा एकत्र निर्देश येतो.

गृह्यसूत्रांच्या काळी दहन रूढ झाले, तरी भूमीशी असलेला संबंध तुटला नाही. आश्वलायनाने सांगितलेल्या अस्थिसंचयनात चितेवरील अस्थी कुंभात भरून तो कुंभ खड्ड्यात ठेवावयाचा असतो. दहन हा येथे संस्काराचा पूर्वार्ध ठरतो. दोन वर्षांखालील बालकास न जाळता पुरावे, हा मनुस्मृतीतील नियम आणि संन्याशाला समाधी देण्याची चाल यांनीही भूमिसंस्कार टिकवून धरला.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन पुरावा मुख्यतः दफनाचा आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके आढळली. प्रौढांना खड्ड्यात, बहुधा घोट्याखालचे पाय तोडून, पुरलेले होते.

तथापि केवळ दफन आढळले म्हणून एखादा समाज वैदिक परंपरेबाहेरचा ठरविणे सयुक्तिक नव्हे. कारण त्या परंपरेतच दोन्ही संस्कारांना स्थान होते.