एकाच जळणात वाफ आणि वीज : छोट्या कारखानदाराने हिशेब कसा करावा?

विटा किंवा माधवनगरच्या कोणत्याही सायझिंगवाल्याला विचारा, दर महिन्याला तो दोन बिलांची चिंता करतो. एक जळणाचे आणि दुसरे विजेचे. सुताला खळ देऊन ते सुकवायला वाफ लागते आणि मशीन फिरवायला वीज. वाफ आपण बॉयलरवर करतो, वीज बाहेरून घेतो. मात्र आपल्याच भागातील साखर कारखाने ही दोन्ही कामे एकाच जळणात उरकतात. हे कसे घडते, ते व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात जळणातील उष्णतेपैकी साधारण 35 ते 38 टक्केच वीज होते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता निघते. तेच एक किलो पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला फक्त 70 लागतात. म्हणजे खरा माल त्या वाफेतच असतो आणि वीज केंद्र तो वाया घालवते. शेजारी त्या उष्णतेचे गिऱ्हाईक असेल, तर तो माल कामी येतो आणि जळणाचा 75 ते 80 टक्क्यांपर्यंत उपयोग होतो. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

साखर कारखान्यात हे गिऱ्हाईक घरातच आहे. उसाचा रस आटवायला भरपूर वाफ लागते, पण तिचा दाब कमी असला तरी चालते. 100 टन ऊस गाळला की 28 ते 30 टन बगॅस मिळते. ते जाळून जास्त दाबाची वाफ करायची, आधी टर्बाइन फिरवायचे आणि उरलेली कमी दाबाची वाफ रसाकडे सोडायची. जुने बॉयलर 21 किंवा 32 किलो दाबाचे होते. त्यांतून कारखान्यापुरती वीज निघे. नवे बॉयलर 67 ते 110 किलोंचे असतात, म्हणून विकायलाही वीज उरते. साखराळ्याचा राजारामबापू आणि कुंडलचा क्रांतिअग्रणी या कारखान्यांनी असे प्रकल्प उभे केले आहेत.

तेल शुद्धीकरण कारखान्यातही हाच हिशेब असतो. मुंबईत माहूलला असे दोन कारखाने आहेत. कच्चे तेल तापवायला आणि वेगळे करायला रात्रंदिवस उष्णता लागते. तेथे गॅस थेट टर्बाइनमध्ये जाळून वीज करता येते आणि त्यातून निघणाऱ्या सुमारे 500 अंशांच्या धुरावर वाफ करता येते. जळण एक, काम दोन.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. सायझिंगचा बॉयलर बहुधा 10.5 किलो दाबाचा असतो, पण सिलिंडरला साडेतीन किलोच्या आसपास वाफ पुरते. मधला दाब आपण व्हॉल्व्हवर फुकट उतरवतो. त्या जागी छोटे टर्बाइन बसवले, तर तासाला एक टन वाफेमागे साधारण 20 युनिट वीज मिळू शकते. वाफेतील थोडी उष्णता विजेत जाते, म्हणून जळण किंचित वाढते, पण वीज पुष्कळ स्वस्त पडते.

तरीही घाई करू नये. काही वर्षांपूर्वी माझे बीम ज्या सायझिंगमध्ये भरले जात, तेथे एक विक्रेता असे यंत्र घेऊन आला. दोन वर्षांत पैसे वसूल, असे त्याने कागदावर दाखवले. हिशेब 24 तासांचा होता आणि बॉयलर चाले 10 तास! मालकाने वेळीच विचारले, म्हणून वाचला. म्हणून तीन गोष्टी आधी तपासा : वाफ रोज किती तास लागते, तासाला किती टन लागते, आणि मंदीत किती दिवस काम बंद राहते. वाफ नाही तर वीजही नाही.

एकट्याला परवडत नसेल, तर दुसरी वाट आहे. विद्युत कायदा 2003 नुसार स्वतःच्या वापरासाठी वीज प्रकल्प उभारायला परवाना लागत नाही. 2005 च्या नियमांनुसार वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के आणि त्यांचा वापर किमान 51 टक्के असला पाहिजे. वीज महावितरणच्या तारांवरून आणायची, तर त्याचे आकार वेगळे पडतात. साखर कारखान्याचा गाळप हंगामही चार-पाच महिन्यांचाच असतो. करारावर सही करण्यापूर्वी उरलेल्या महिन्यांत वीज कोठून आणि कोणत्या दराने मिळणार, हे लेखी घ्यावे.

आणि टर्बाइनचा विचार करण्याआधी वाफेच्या उघड्या नळांवर लोकर गुंडाळा, गळके ट्रॅप बदला, गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत द्या. याला खर्च थोडा आणि फायदा पुढच्या महिन्याच्याच बिलात दिसतो. वाचवलेले जळण ही पहिली कमाई. वीज विकत घ्यावी की स्वतः करावी, हा प्रश्न त्यानंतरचा.