अडखळत का होईना, बोलू द्या

लेखमाला : वाणी आणि आपण (लेखांक ४)

तोतरेपणा मुळात होतो कसा, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. काय बोलायचं ते माणसाला पक्कं ठाऊक असतं. ओठ, जीभ, कंठ आणि श्वास यांची वेळ जुळवणारं मेंदूतलं काम मात्र क्षणभर चुकतं. मग अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं, लांबतं, नाहीतर आवाजच अडून बसतो. यात बुद्धीचा संबंध नाही आणि आईबापांचाही दोष नाही. १०० प्रौढांत साधारण १ जण तोतरं बोलतो आणि त्यांत पुरुष बायकांच्या जवळपास चौपट असतात. हे सोबत घेऊन डहाणू-तलासरीत रोजचा दिवस कसा निभवायचा, ते आज पाहू.

सकाळच्या डहाणू रोड स्टेशनपासून सुरुवात करू. तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या तरुणाला तिकीट खिडकीवर ‘बोईसर’ एवढंच म्हणायचं असतं. मागे रांग, गाडी लागलेली आणि ‘ब’साठी मिटलेले ओठ काही केल्या उघडत नाहीत. अशा वेळी माणूस पळवाट काढतो : पुढच्या उमरोळीचं तिकीट मागायचं आणि बोईसरला उतरायचं. तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रिक्षात ‘थांबवा’ म्हणणं जमत नाही, म्हणून दुसरं कुणी उतरेल तिथे उतरून उरलेली वाट चालायची. फोन वाजला की घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. शब्द टाळता येतात, गावाचं नाव टाळता येतं. स्वतःचं नाव मात्र टाळता येत नाही. म्हणूनच कारखान्याच्या गेटवरचा ‘नाव काय?’ हा साधा प्रश्न तोतरं बोलणाऱ्याला सगळ्यांत जड जातो.

पळवाटेने तेवढी वेळ निभते, पण भीतीला खतपाणी मिळतं. आज ‘ब’ टाळला, उद्या ‘प’ टाळला जातो, परवा ग्रामसभेत उठून बोलणंच टाळलं जातं. तोतरेपणापेक्षा त्याची लपवाछपवी आयुष्य जास्त आखडून टाकते. अमेरिकेतले वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरं बोलत. त्यांनी उपचाराची दिशाच बदलली. अडखळणं बंद करण्याच्या मागे लागू नका, न झगडता अडखळायला शिका, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे.

ती पद्धत अशी. ‘बोईसर’चा ‘ब’ अडला, तर जोर लावू नका, मान झटकू नका, शब्द बदलू नका. ओठ घट्ट दाबले गेलेत, हे आधी जाणवू द्या. मग ते हळूहळू सैल करा, थोडी हवा सुटू द्या आणि त्याच हवेवर ‘बोऽ’ लांबवत शब्द पुरा करा. आधी घरी एकट्याने, मग मित्रासमोर, मग गर्दी नसताना दुकानात आणि शेवटी तिकिटाच्या खिडकीवर. जोडीला एक वाक्य तयार ठेवा : ‘मी तोतरं बोलतो, जरा थांबा.’ लपवायचं काही उरलं नाही की बराचसा ताण तिथेच उतरतो.

तोतरेपणा बहुतेक वेळा वयाच्या २ ते ५ वर्षांत सुरू होतो, म्हणजे ऐन अंगणवाडीच्या वयात. आणि अंगणवाडीचं माहेर तर हाच मुलूख. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे त्या आणि अनुताई वाघ यांनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार त्यांनी इथल्या पाड्यांवर रुजवला. अंगणवाडीतली गाणी तोतरं बोलणाऱ्या मुलाच्या फार कामाची आहेत. सगळ्यांबरोबर एका सुरात, तालावर म्हणताना सहसा कुणी अडखळत नाही. त्याने तोतरेपणा जात नाही, पण आपलाही आवाज मोकळा निघतो, हे मुलाला कळतं. घरी वारली, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती कानावर पडते म्हणून मूल तोतरं होतं, ही समजूतही सोडून द्यावी.

अशा मुलांतली चारांतली तीन तरी पुढे मोकळं बोलू लागतात. तोवर त्यांना टोकू नये. १९३९मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका अनाथाश्रमातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तू तोतरं बोलतोस’ असं बजावत राहण्याचा प्रयोग झाला. मुलं तोतरी झाली नाहीत, पण बोलायलाच कचरू लागली. २००१मध्ये आयोवा विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागितली. ‘नीट बोल’, ‘पुन्हा म्हण’ हे प्रेमाने म्हटलं तरी मुलाला लागतं. त्यापेक्षा आपण सावकाश बोलावं आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यावं. जिभेला वेखंड लावून तोतरेपणा जात नाही.

मात्र सहा महिने उलटले, घरात आणखी कुणी तोतरं बोलत असेल, बोलताना मुलाचा चेहरा ताणला जात असेल किंवा ते गप्प राहू लागलं असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्यांना आवर्जून सांगा. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला वाचा आणि श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून काम करते आहे. मोठ्यांसाठी ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ आहे. तोतरं बोलणारी माणसंच तिथे एकमेकांना धीर देतात.

आश्रमशाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना कळकळीची विनंती. हजेरीला ‘हजर’ म्हणताना जे मूल अडतं, त्याला वेळ द्या. हसणाऱ्यांना तिथल्या तिथे आवरा. सुरुवातीला त्याला जोडीदाराबरोबर वाचू द्या, पण प्रकट वाचनातून वगळू नका. वगळणं हीही पळवाटच, फक्त ती आपण त्याच्या वतीने काढलेली असते. वर्गात अडखळत बोलण्याची मुभा ज्याला मिळते, तो उद्या खिडकीवर ‘बोईसर’ मागायला कचरणार नाही.

पुढच्या आठवड्यात : तोंडी परीक्षा आणि नोकरीची मुलाखत, तयारी कशी करावी आणि परीक्षकाने काय पाळावं.