इथरनेट स्विचचा इव्हॅल्युएशन बोर्ड सुरू करताना

घरातल्या राउटरमागचे चार-पाच पोर्ट आतली एक स्विच चिप सांभाळते. अशी चिप आपल्या उपकरणात बसवण्याआधी अभियंते ती इव्हॅल्युएशन बोर्डवर पारखून घेतात. मायक्रोचिपची केएसझेड 9477 घ्या: एकूण सात पोर्ट, त्यांपैकी पाचांना नेहमीची तांब्याची केबल चालते.

वीज देण्याआधी जंपर तपासा. काही पिनांवरची पातळी चिप फक्त रीसेटच्या क्षणी वाचते आणि आपल्याशी एसपीआयने बोलायचे की आयटूसीने, हे त्यावरून ठरवते. नंतर जंपर हलवला, तरी रीसेटशिवाय काहीही बदलत नाही. नवशिक्यांचे तासन्‌तास इथेच जातात.

मग सीरियल केबल आणि टर्मिनल; वेग बहुधा 1,15,200. बोर्डवरच्या प्रोसेसरवर लिनक्स चालते; त्याच्या डीएसए पद्धतीत स्विचचा प्रत्येक पोर्ट लॅन1, लॅन2 असा वेगळा दिसतो. दिवे लागतात, पण एका पोर्टवरचा संगणक दुसऱ्याला सापडत नाही. बोर्ड बिघडलेला नसतो. ते पोर्ट एका ब्रिजमध्ये घालायचे राहिलेले असतात. जुन्या कर्नलवर प्रोसेसरकडचा मूळ इंटरफेसही आधी हाताने चालू करावा लागतो.

एक मात्र पाळाच: स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले वेटोळे तोडणारी यंत्रणा) सुरू नसताना बोर्डवरून ऑफिसच्या नेटवर्ककडे दोन केबल टाकू नका. गोल फिरत राहणाऱ्या ब्रॉडकास्ट पॅकेटांनी सगळे नेटवर्क ठप्प होते.