न मागितलेलं कार्ड घरी आलं तर



१ जूनपासून बंदी लागली, ट्रॉलर जेटीला बांधले, होड्या वर ओढल्या. आता ३१ जुलैपर्यंत घरात आवक नाही आणि ऑगस्टसाठी जाळी, डिझेल, बर्फ, इंजिनाचं काम, सगळ्याला पैसा हवा. नेमक्या अशाच दिवसांत बँकांची पाकिटं घेऊन बरेच सभासद कचेरीत येताहेत. म्हणून आम्ही हे सविस्तर लिहितो आहोत.

पाकिटात नुसतं पत्र असेल, "अभिनंदन, तुम्हाला कार्ड मंजूर झालं आहे" असं छापलेलं, तर ती जाहिरात समजायची. त्याने तुमच्यावर कसलंही देणं येत नाही. नाव-पत्त्याचा भाग फाडून टाका आणि पत्र चुलीत घाला.

पण पाकिटात खरंच कार्ड निघालं, तर ते टाकून देऊ नका. आपल्या एका सभासदाने असं कार्ड कपाटात ठेवून दिलं होतं. कधी वापरलं नाही, चालूही केलं नाही. तरी वर्षाची फी लावून बिल आलं आणि वहिनी घाबरून पैसे भरायला निघाल्या. आम्ही त्यांना थांबवलं. मागितलेलंच नाही त्याची फी कसली?

न मागता कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची सक्त मनाई आहे. तिच्या निर्देशांत हे स्पष्ट लिहिलंय. तुमच्या संमतीशिवाय कार्ड चालू करून बिल लावलं, तर बँकेने ते पैसे मागे घ्यायचेच, वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. समजा ५०० रुपये फी आणि ९० रुपये जीएसटी लावला, तर ५९० रद्द होतात आणि ११८० तुम्हाला मिळायला हवेत. कार्ड तुमच्या हातात पडण्याआधी वाटेत कुणी वापरलं, तर तो तोटाही बँकेचाच.

कार्ड ३० दिवसांत चालू झालं नाही, तर बँकेने ओटीपी पाठवून तुमची संमती मागायची असते. ती दिली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं फुकट बंद करायचं. म्हणजे सगळा खेळ त्या ओटीपीचा आहे. "कार्ड रद्द करायचंय ना, मग आलेला नंबर सांगा" असा फोन येतो. नंबर सांगितला की कार्ड रद्द व्हायचं सोडून चालू होऊ शकतं, नाहीतर पलीकडचा सरळ भामटाच असतो. हंगामात घरधनी आठ-आठ दिवस समुद्रात, तिथे रेंज नाही, आणि बँकेला जोडलेला फोन घरी मुलाच्या हातात. म्हणून ही गोष्ट नुसती तांडेलाला कळून भागणार नाही. बायकामाणसांना आणि पोरांना बसवून सांगा.

नुसतं कार्ड कापून टाकल्याने खातं बंद होत नाही. आधी बँकेला लेखी द्यायचं: "मी या कार्डासाठी अर्ज केलेला नाही. ते मी चालू केलेलं नाही. खातं बंद करून तसं लेखी कळवावं आणि लावलेले पैसे मागे घ्यावेत." कार्डाच्या नंबरातले शेवटचे चार आकडेच लिहा. पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. काही बाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे पडत नाहीत. माहितीचा फोन १४४४८.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो, तर नावात. जेटीवर छत्री लावून बसलेला पोरगा "क्रेडिट कार्ड, सरकारी योजना" म्हणतो आणि आपली माणसं किसान क्रेडिट कार्ड समजून आधार-पॅनची झेरॉक्स देऊन मोकळी होतात. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांनाही आहे. पण त्यासाठी बँकेच्या शाखेत अर्ज करावा लागतो. ते न मागता पोस्टाने येत नाही. त्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ४. साध्या क्रेडिट कार्डावर बाकी राहिली, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. जाळ्यांसाठी काढलेले ५० हजार वर्षभर फिरत राहिले, तर एकीकडे साडेतीन हजार व्याज, दुसरीकडे २१ हजार, वर त्यावर जीएसटी. एटीएममधून रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून. बिलावरची "किमान रक्कम" भरत राहिलात, तर मुद्दल जवळजवळ जागच्या जागी राहतं. उद्या इंजिनाच्या कर्जाला गेलात की ही बाकी सिबिलमध्ये दिसते. कार्ड चालूच केलं नसेल, तर बँकेला ते तिथे नोंदवता येत नाही.

कुठेही झेरॉक्स द्यावी लागलीच, तर तिच्यावर आडवं लिहा की कशासाठी दिली, आणि तारीख घाला. फुकटच्या छत्रीपायी तर देऊच नका.

फोन आणि मेसेजसाठी: इंग्रजीत स्टार्ट, मग जागा सोडून ०, असा मेसेज १९०९ वर पाठवा. सगळ्या जाहिराती बंद होतात. फक्त बँका-विम्याच्या बंद करायच्या तर ० ऐवजी १. तरीही कुणी सतावलं, तर तक्रार १९०९ वरच. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातवाल्याचा, तो उचलायची गरज नाही.

बोटमालकांना एक वेगळं सांगणं. सोडून गेलेल्या खलाशाच्या नावाची पाकिटं तुमच्या पत्त्यावर येतात. ती फोडू नका. "इथे राहत नाही, परत पाठवा" असं लिहून पोस्टमनकडे द्या.

अर्जाचा नमुना कचेरीत छापून ठेवला आहे. कार्ड आलं असेल, तर पाकिटासकट घेऊन या. पाकिटावरचा शिक्का तारखेसाठी लागतो.

आपला,
सचिव