लॉस एंजेलिस नियंत्रण केंद्रातील रेडिओ संपर्कखंड (२००४)

१४ सप्टेंबर २००४ रोजी सायंकाळी ५ च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला रेडिओ संपर्क अचानक तुटला. तो पूर्ववत होण्यास तीन तासांहून अधिक काळ लागला. त्या वेळी सुमारे ८०० विमाने या खंडाच्या कचाट्यात सापडली होती. नावात लॉस एंजेलिस असले, तरी हे केंद्र त्या शहराच्या विमानतळावर नाही. ते कॅलिफोर्नियातील पामडेल येथे आहे. दक्षिण कॅलिफोर्निया व लगतच्या राज्यांच्या काही भागांवरून उंचावरून जाणाऱ्या विमानांचे नियमन तेथून होते.

घटनाक्रम

रडार चालू होते. त्यामुळे पडद्यावर विमाने सरकताना नियंत्रकांना दिसत होती, परंतु वैमानिकांना दिशा वा उंची बदलण्यास सांगण्याचे साधन त्यांच्या हाती उरले नव्हते. पर्यायी यंत्रणा सुरू होताच मिनिटभरात तीही कोलमडली. अखेर काही नियंत्रकांनी स्वतःच्या मोबाइल फोनवरून शेजारच्या केंद्रांना ही वार्ता कळवली.

वाटेतील उड्डाणात दोन विमानांमध्ये साधारणतः ५ सागरी मैलांचे आडवे अंतर किंवा ठरावीक उभे अंतर राखावे लागते. किमान ५ प्रसंगी ही मर्यादा मोडली गेली. टक्कर मात्र झाली नाही. विमानांतील टक्कर-प्रतिबंधक यंत्रणा, म्हणजे टीकॅस, ही भूकेंद्रावर अवलंबून नसते. ती जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरकडून माहिती घेऊन वैमानिकाला वर चढण्याची वा खाली उतरण्याची थेट सूचना देते. त्या सायंकाळी तिचा मोठा आधार झाला.

एखाद्या विमानाचाच रेडिओ बिघडला, तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा संकेतांक लावतो व ठरलेल्या नियमांनुसार उड्डाण पुढे चालू ठेवतो. येथे विमानांतील रेडिओ ठीक होते. उत्तर देणारे केंद्रच मुके झाले होते.

कारण

कोणताही सुटा भाग जळाला किंवा तुटला नव्हता. ध्वनिसंपर्क यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या, विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात एक काळमापक होता. तो मिलिसेकंदांची उलटी मोजणी करी आणि त्याची सुरुवात द्विमान पद्धतीतील ३२ स्थानांत मावणाऱ्या संख्येच्या मर्यादेपासून, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पासून होई. इतके मिलिसेकंद संपण्यास ४९ दिवस व सुमारे १७ तास लागतात. मोजणी शून्यावर आली की यंत्रणा बंद पडे.

ही मर्यादा आधीच ज्ञात होती. त्यावर योजलेला उपाय मात्र तोकडा होता: दर ३० दिवसांनी तंत्रज्ञाने संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे मोजणी नव्याने सुरू होईल. या वेळी ते काम राहून गेले. दोष त्या तंत्रज्ञाच्या माथी मारणे सोपे असले, तरी शेकडो विमानांचा संपर्क कुणाच्या तरी आठवणीवर सोपवणारी रचनाच मुळात सदोष होती, हे नाकारता येत नाही. घटनेनंतर मानवी हस्तक्षेपाविना काळमापक आपोआप पूर्ववत व्हावा, या दृष्टीने आज्ञावलीत सुधारणा करण्यात आली.